खिडकी क्रमांक तीन

कोर्टाच्या तळघरात, खिडकी क्रमांक तीन.
गाड्यांच्या नंबरपाट्या मी देते. बावीस वर्षं झाली.
साधी पाटी हवी, तर साधे पैसे.
भिंतीवर इतरही टांगल्यात:
ट्राउट मासा, माजी सैनिक, परिचारिका, मधमाश्या,
आणि सगळ्यात खाली, खिळा सैल झालेली,
कुत्र्याचं नि मांजराचं डोकं, एकमेकांना टेकलेलं.
हिला पस्तीस डॉलर वरचे.
ते जातात काउंटीच्या प्राणी-निवाऱ्याला.
एका पाटीत एका बोक्याची नसबंदी,
उरलंच काही तर जंतांचं औषध.

लोक विचारतात, "पस्तीस? कशाला?"
मी सांगते. ते फोनकडे बघतात.
मग साधीच घेतात. मी कुणाला बोल लावत नाही;
पाइन फोर्कमध्ये पस्तीस डॉलर म्हणजे
आठवड्याचं दूध, अंडी, पाव.

ऑर्विल टिबेट्स विचारत नाही.
मार्चचा दुसरा मंगळवार, सकाळचे नऊ,
टोपी काढून हातात,
नोटा आधीच मोजून रबरबँडात.
"तीच," म्हणतो. "डोकी टेकलेली."

त्याचा ट्रक मला रोज दिसतो जाता-येता.
विटांवर उभा. चाकं कधीच विकली.
मागचा डावा दिवा फुटका, गवत दारापर्यंत.
पाटी मात्र चालू वर्षाची,
तुरुंगात कुणीतरी ठोकलेले आकडे
उन्हात असे चमकतात
की वाटावं, गाडी आत्ताच लांबून आलीय.

न चालणाऱ्या गाडीला पाटी लागत नाही.
कायदा मला पाठ आहे.
मी कधी बोलले नाही.

खुर्च्यांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी
रविवारच्या रात्री मी निवाऱ्यावर पाळीला असायची, बिनपगारी.
आवारातला बल्ब गेलेला.
एक ट्रक थांबला, इंजिन चालूच.
कुणीतरी फाटकाला काही बांधलं,
बराच वेळ बांधत राहिलं.
गाठीला एवढा वेळ लागत नाही.
मी बाहेर पोचले तेव्हा वळणावर
मागचा एकच लाल दिवा,
आणि दोरीच्या टोकाला पिवळा कुत्रा,
शेजारी अर्धं पोतं खाद्य,
त्यावर घडी केलेला पुरुषी स्वेटर.

निवाऱ्यात जागा नव्हती.
जागा नसली की काय करतात, ते इथे नको.
मी त्याला घरी नेलं.
सोमवार उजाडला होता, म्हणून नाव मंडे.

माझ्या टेबलावर त्याचा फोटो आहे.
वर्षातून एकदा, नऊला पाच कमी असताना,
मी तो पालथा घालते.
आधी राग होता. मग धाकधूक, की परत मागेल.
मग नुसती सवय.

यंदा विसरले. विसरले म्हणते.
ऑर्विलने नोटा ठेवल्या, पेन उचललं,
आणि पेन तसंच राहिलं.
डावा कान, टोकाशी फाटलेला.
रांगेत मागे कुणी खोकलं.
"अंगानं भरलाय," तो म्हणाला.
"खातो," मी म्हणाले. "उकडलेले बटाटेसुद्धा."
त्याने सही केली. तारीख राहिली, ती मी टाकली.
पाटी काखेत घेऊन दारापर्यंत गेला
आणि पाठमोराच बोलला,
"हँक. आम्ही हँक म्हणायचो."

संध्याकाळी मंडे हीटरपाशी झोपलेला.
दोन हिवाळे झाले, त्याला ऐकू येत नाही.
तरी मी स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाले, हँक.
पंजे हलले.
पण ते झोपेत हलतातच.

उद्या कामावर जाताना तो ट्रक लागेल.
मंडेला गाडीत बसायला आवडतं,
काच खाली केली तर.